गावच्या डॉक्टरशी वर्षाचं बांधून कसं घ्यायचं, आणि मग मेडिक्लेमचं काय करायचं

"मेडिक्लेम आहे ना, मग टेन्शन कशाला?" असं मुंबईतला मुलगा गावाला फोनवर सांगतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने स्वतःची पॉलिसी उघडून बघितलेली नसते. मेडिक्लेम म्हणजे ॲडमिट झाल्यावरचा खर्च. साधारण २४ तास दवाखान्यात राहायला लागलं पाहिजे, नाहीतर मोतीबिंदू, डायलिसिस असली डे केअर यादीतली ट्रीटमेंट पाहिजे. बहुतेक पॉलिसीत ॲडमिट व्हायच्या आधीची ३० दिवसांची आणि नंतरची ६० दिवसांची बिलं मिळतात, पण तीही त्याच आजाराची आणि ॲडमिट झालात तरच. आईची बीपीची गोळी, बाबांची दर महिन्याची शुगर, पावसात आलेला ताप, ईसीजी काढायला केलेली रिक्षा, हे सगळं खिशातूनच. आणि घरात वर्षभर खर्च होतो तो याच गोष्टींवर.

म्हणून डॉक्टरची मेंबरशिप घेतली, म्हणजे महिन्याला ठराविक फी देऊन वर्षभर त्याच्याकडूनच बघून घ्यायचं ठरवलं, की विमा नको का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे, की विमा ज्या भागाला कधी नव्हताच तो भाग मेंबरशिपने सांभाळायचा, आणि मोठ्या आजारासाठी विमा नाहीतर सरकारी योजना तशीच ठेवायची. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते खाली लिहितोय. आमच्याकडची परिस्थिती धरून लिहितोय, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्या, जिथे डॉक्टर बाजारपेठेत, घर डोंगरात आणि मुलं विरार-डोंबिवलीला.

ही कल्पना आली कुठून

अमेरिकेत याला डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात. डॉक्टर विमा कंपनीला बिल पाठवतच नाही, पेशंट दर महिन्याला ठरलेली फी देतो आणि त्यात भेटी, फोन, मेसेज, साधी तपासणी सगळं आलं. एरवी तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत दोन-दोन हजार पेशंट असतात, या पद्धतीत काही शेच ठेवतात, त्यामुळे डॉक्टरला बोलायला वेळ मिळतो. १ जानेवारी २०२६ पासून तिकडे करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यातूनही ही फी भरता येते, एकट्याला महिन्याला १५० डॉलरपर्यंत आणि कुटुंबाला ३०० पर्यंत. पण तिकडचे डॉक्टरसुद्धा मेंबरला सांगतात की ऑपरेशन, ॲक्सिडेंट, कॅन्सर यासाठी वेगळी पॉलिसी ठेवा. आणि दुसरं, सिएटलची क्वलायन्स नावाची कंपनी या पद्धतीतली सुरुवातीची आणि गाजलेली, २००७ ला निघाली आणि २०१७ ला बंद पडली. तेव्हा पैसे एकदम भरायचे नाहीत हा धडा तिथूनच घ्या.

आपल्याला ही पद्धत अगदीच नवी नाही म्हणा. गावात न्हावी, सुतार वर्षाचं भात ठरवून घ्यायचे आणि मग वर्षभर कधीही हाक मारा, तसंच हे, फक्त भाताच्या जागी यूपीआय.

आधी हिशोब, मग डॉक्टर

वहीचं एक पान घ्या आणि मागच्या वर्षी घरात दवाखान्यावर काय काय गेलं ते लिहा. आकडे प्रत्येकाचे वेगळे, मी उदाहरण म्हणून धरतो. समजा आईला बीपी, बाबांना शुगर, महिन्याला दोघांच्या मिळून दोन फेऱ्या, डॉक्टरची फी २०० आणि वाडीतून बाजारपेठेत रिक्षा जाऊन-येऊन ३००. वर्षाला फी झाली ४,८०० आणि रिक्षा ७,२००, म्हणजे १२,०००, गोळ्या आणि लॅब वेगळी. आता डॉक्टरांशी दोघांचं मिळून महिना ५०० ठरलं, साधा फॉलोअप फोनवर झाला आणि दोघं एकत्र तीन महिन्यांतून एकदा गेले, तर मेंबरशिप ६,००० आणि रिक्षा १,२००. ७,२०० मध्ये काम झालं.

बघितलंत का, वाचले ते पैसे डॉक्टरच्या फीतले नाहीतच, उलट डॉक्टरला आधीपेक्षा जास्तच मिळाले, वाचली ती रिक्षा. म्हणून ज्यांचं घर दवाखान्याला लागून आहे आणि डॉक्टर शंभर रुपये घेतो त्यांनी या भानगडीत पडूच नये, फी देऊन मोकळं व्हावं. तरुण, धडधाकट, वर्षातून एकदा सर्दीला जाणाऱ्या माणसालाही याचा उपयोग नाही. फायदा कोणाला, तर बीपी-शुगर-थायरॉईड-दमावाले, घरात एकटे राहणारे म्हातारे, लहान पोरं असलेलं घर, आणि दवाखाना लांब असलेली वाडी.

जे फुकट मिळतं ते विकत घेऊ नका

मेंबरशिपचं बोलायच्या आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्याही तिथे मिळतात. सिंधुदुर्ग तर बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत होता, त्यामुळे उपकेंद्रापर्यंत बीपीचं कार्ड पोचलेलं आहे. गोळ्या संपल्या, डॉक्टर मीटिंगला गेले, असं होतं तिथे, नाकारत नाही, पण जिथे नीट चालतंय तिथे गोळ्या सरकारी आणि सल्ला मेंबरशिपच्या डॉक्टरचा अशी सांगड मस्त बसते. सरकारी ई-संजीवनीवर व्हिडिओने डॉक्टर फुकट बोलतात तेही माहीत असू दे. सरकारी गोळी मिळत नसेल तर जनऔषधी केंद्र, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन असल्या रोजच्या गोळ्या तिथे ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी किमतीत येतात.

मोठ्या आजारासाठी महात्मा फुले योजना आणि आयुष्मान मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. आई-बाबांचं वय बसत असेल तर आधार घेऊन हे कार्ड आधी काढा, बाकी सगळं नंतर. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारायचं की अमुक ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, आणि हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं. यादीत नसलेल्या हॉस्पिटलात कार्ड दाखवून काही होत नाही, तेव्हा आपल्या जिल्ह्यातली यादीतली हॉस्पिटलं कुठली ते आत्ताच लिहून ठेवा.

डॉक्टर कोणता धरायचा

इथे लोक डिग्रीवर अडकतात. एमडी मेडिसिन मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तालुक्याच्या ठिकाणी असे मोजकेच, आणि खेड्यात बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं दवाखाने चालवलेत. मी तीन गोष्टी बघायला सांगेन. एक, नोंदणी. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथी असेल तर त्यांची परिषद, नंबर दवाखान्यात लावलेला असतो, नसेल तर विचारायला लाजू नका. दोन, "हे माझ्याकडचं काम नाही, रत्नागिरीला जा" असं वेळेवर म्हणणारा आहे का. प्रत्येक तापाला सलाईन आणि इंजेक्शन लावणारा डॉक्टर मेंबरशिपवर घेतलात तर तो मेंबरशिपवर सलाईन लावेल, बाकी फरक नाही. तीन, लिहून देतो का. नुसत्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणारा, नाव न सांगणारा, कितीही हातगुणाचा असला तरी या कामाला नको, कारण उद्या गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात किंवा कोल्हापूरला न्यायची वेळ आली तर तिकडचा डॉक्टर पहिलं विचारणार, कुठली गोळी चालू आहे.

बोलायला कसं जायचं

ओपीडीच्या गर्दीत नाही. दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळी, आणि शक्यतो एकट्याने न जाता वाडीतली चार-पाच घरं मिळून. डॉक्टरचा हिशोबही आपण समजून घ्यायला हवा. एका घराचे ५०० त्याला दिसतही नाहीत, पण ४० घरांचे महिना २०,००० म्हणजे कंपाउंडरचा पगार आणि जागेचं भाडं पेशंट येवो न येवो निघालं. पावसात चार-चार दिवस ओपीडी रिकामी असते, तेव्हा हे पैसे त्यालाही हवेच असतात.

साधारण बोलणं असं होतं. आपण म्हणतो, "डॉक्टर, आमच्या म्हाताऱ्यांचं वर्षभराचं तुम्ही बघा, आम्ही महिन्याला ठराविक देतो." डॉक्टर म्हणतात, "अहो पण मग रोज उठून फोन कराल." ही त्यांची भीती खरी आहे, आणि उत्तर त्यांनाच ठरवू द्यायचं: फोनची वेळ कुठली, रात्री कशासाठी करायचा, व्हॉट्सॲपवर काय पाठवायचं. टेलिमेडिसिनचे सरकारी नियम २५ मार्च २०२० ला आलेत, त्यात नोंदणीकृत डॉक्टरला फोन, व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरून सल्ला द्यायला परवानगी आहे, फक्त सगळीच औषधं तशी लिहून देता येत नाहीत. आमच्याकडे प्रश्न वेगळाच, रेंज. घरात रेंज नाही, ती मिळते सड्यावर नाहीतर शाळेच्या पायरीवर. म्हणून वेळ ठरलेली बरी, समजा मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते चार, त्या वेळेला म्हातारीला कोणीतरी रेंजमध्ये नेऊन बसवतं.

कागदावर काय लिहायचं

तोंडी ठरवू नका. ओळखीचा आहे, लाज वाटते, हे सगळं मान्य, तरी एक पानभर लिहाच, ओळखीतच जास्त वांधे होतात. स्टॅम्पपेपरवरच पाहिजे असं नाही, दोघांच्या सह्या आणि तारीख. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"महिना रु. ५०० मध्ये घरातील दोन व्यक्तींची दवाखान्यातील तपासणी, बीपी, ग्लुकोमीटरवरील साखर, ड्रेसिंग, ठरलेल्या वेळेत फोनवर सल्ला आणि तीन महिन्यांतून एक घरभेट. औषधं, लॅब, ईसीजी, सलाईन वेगळं, त्यांचे दर मागच्या पानावर. डॉक्टर आठ दिवसांपेक्षा जास्त बाहेरगावी असल्यास पर्यायी डॉक्टरांचं नाव आधी कळवतील. सभासद महिनाभरापेक्षा जास्त मुंबईला असल्यास तेवढे महिने फी थांबेल. कोणीही एक महिना आधी सांगून बंद करू शकतं, उरलेले पैसे परत. तपासणीची फाईल सभासदाची."

यातलं मुंबईचं वाक्य विसरू नका. आमच्याकडे निम्मे म्हातारे गणपती झाले की नातवंडांकडे जातात ते शिमग्याला परत येतात, तेवढ्या महिन्यांची फी फुकट जाते आणि मग "काय उपयोग त्या मेंबरशिपचा" म्हणून बंद करतात. आणि घरभेट पावसाळ्यात कशी, हेही आत्ताच बोला. साकव पाण्याखाली गेला, दरड आली, तर डॉक्टर येणार नाही, येऊही नये, त्या दिवशी फोन.

एक मात्र अजिबात लिहून घेऊ नका, आणि डॉक्टर स्वतःहून देत असला तरी सावध व्हा, ते म्हणजे "कुठलाही आजार झाला तरी खर्च आम्ही करू". तो झाला विमा, आणि विमा विकायला आयआरडीएआयची, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. बाजारात हेल्थ कार्ड म्हणून एजंट जे विकतात त्यातही हाच घोळ, वर्षाला काही हजार घेतात, लॅमिनेट केलेलं कार्ड देतात, आणि आत बघितलं तर फक्त लॅबवर सूट. एजंटला दोनच प्रश्न विचारा, आयआरडीएआय नोंदणी क्रमांक काय आणि आमच्या तालुक्यात कुठला डॉक्टर हे कार्ड घेतो.

पैसे कधी द्यायचे

कोकणात दर महिन्याला पगार येणारी घरं किती? आंबेवाल्याच्या हातात पैसा येतो एप्रिल-मे मध्ये. मच्छीमाराची बोट १ जून ते ३१ जुलै बंद, तेव्हा त्याच्याकडे फी मागणं म्हणजे भांडणच. चाकरमान्याचं काय, गणपतीला येतो तेव्हा हात सैल. तर फी महिन्याची ठरवा पण हप्ते हंगामाप्रमाणे: बागायतदाराने मेअखेर सहा महिन्यांचे, बोटवाल्याने नारळी पौर्णिमेनंतर तिमाहीचे, आणि मुलगा मुंबईहून भरत असेल तर दर महिन्याला ऑटोपे. सहा महिन्यांच्या वर ॲडव्हान्स कोणालाच देऊ नका, डॉक्टर कितीही देवमाणूस असला तरी बदली, लग्न, स्वतःचं हॉस्पिटल, काहीही होतं. पावती घ्या आणि पैसे बँकेतून द्या. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांचा मेडिक्लेम नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर आयकरात त्यांच्या वैद्यकीय खर्चाची ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण रोखीने दिलेलं धरत नाहीत. मेंबरशिपची फी त्यात कशी दाखवायची ते सीएला पावती दाखवून विचारा.

आता विम्याचं

चालू पॉलिसी बंद करू नका. हे ठळक अक्षरात वाचा. शुगरवाल्या माणसाने पॉलिसी सोडली की नव्याने घेताना आधीच्या आजारासाठी पुन्हा थांबायला लागतं, २०२४ च्या नियमाने जास्तीत जास्त ३६ महिने. उलट ६० महिने सलग पॉलिसी चालली असेल तर नंतर आजार लपवला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. इतकी वर्षं भरलेलं असं पाण्यात कशाला घालवायचं?

पॉलिसी नसेलच, तर सरकारी कार्ड आधी आणि मग परवडेल तसं बघा. बरेच जण ३ किंवा ५ लाखांच्या वरचा खर्च देणारी सुपर टॉप-अप घेतात, हप्ता कमी बसतो, पण खालचे तेवढे लाख आपल्याला उभे करता येतील का हे घरात स्पष्ट बोलून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, आणि वयाची अट म्हणून ६५ च्या वर दारच बंद असंही आता राहिलेलं नाही.

आणि फॉर्म भरताना खरं लिहा. मेंबरशिपवाल्या डॉक्टरच्या फाईलमध्ये तारीखवार बीपी लिहिलेलं असणार, क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागते, आणि फॉर्मवर "काही नाही" लिहिलेलं असेल तर त्याच फाईलवरून क्लेम अडकतो. ओपीडी रायडर, म्हणजे ॲडमिट न होता झालेला खर्च देणारी पॉलिसीची जोड, घ्यायचा मोह होतो, पण आधी नेटवर्कमधले डॉक्टर आपल्या पिनकोडला कोण आहेत ते बघा, आमच्याकडे बऱ्याचदा यादी चिपळूण-रत्नागिरी शहरापुरतीच निघते.

चालू झाल्यावर

म्हातारी माणसं पैसे भरलेत म्हणून डॉक्टरकडे जात नाहीत. "माका काय झाला नाय, कित्याक जाव डाक्टराकडे?" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यावर उपाय वही. एक दोनशे पानी वही, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, मनगटावरचं नको. पाच मिनिटं खुर्चीत टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, दोन वेळा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. रांग अशी: तारीख, बीपी, उपाशीपोटी साखर, गोळी चुकली का, पायाला जखम आहे का. शेवटचा रकाना शुगरवाल्यांसाठी, आणि तो अनवाणी बागेत फिरणाऱ्यांसाठी मी मुद्दाम सांगतोय. आठवड्याला त्या पानाचा फोटो डॉक्टरला आणि मुंबईच्या मुलाला. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) दर तीन महिन्यांनी, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा, हे डॉक्टरने सांगायची वाट बघू नका, वहीच्या पहिल्या पानावर तारखा टाकून ठेवा.

मेंबरशिप कुठे चालत नाही तेही त्याच पानावर लाल पेनाने लिहा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, श्वास लागणं, यात मेंबर डॉक्टरचा फोन लागायची वाट बघत बसायचं नाही, १०८. फुरसं, घोणस, नाग, मण्यार, काहीही चावलं तर सरळ सरकारी दवाखाना, सापाची लस तिथे मोफत असते, कुठल्या ग्रामीण रुग्णालयात ती नेहमी असते हे मे महिन्यातच चौकशी करून ठेवा. विंचवालाही तेच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची साधी गोळी देऊन इथल्या विंचूदंशाचे मृत्यू किती खाली आणता येतात हे दाखवलं, पण ती वेळेत पडली तरच. आणि लावणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतातून पसरणारा ताप, धरूनच चालायचं, दुसऱ्याच दिवशी रक्त तपासा, फोनवर क्रोसिन विचारून दिवस काढू नका.

काही बिनसलं, डॉक्टर फोनच उचलत नाहीत, पैसे परत देत नाहीत, तर आधी लेखी पत्र आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. विमा कंपनीशी वाद असेल तर आधी कंपनीकडे तक्रार, ३० दिवसांत निकाल नाही लागला की विमा लोकपाल, तिथेही फी नाही आणि वकील लागत नाही.

वर्ष झालं की वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा. एचबीए१सी सुरुवातीला किती होतं, आता किती, बीपी १४० च्या खाली किती आठवडे राहिलं, रिक्षाच्या फेऱ्या किती झाल्या. आकडे सुधारले असतील तर चालू ठेवा आणि फी थोडी वाढवून मागितली तर द्या. नसतील सुधारले तर फाईल मागून घ्या आणि दुसरा डॉक्टर बघा.